तिरप्या फिती

३ फेब्रुवारी, सोमवार

विहीरबाईंनी आज आपल्या जुन्या नोंदी मागितल्या. संस्थेत भूजलाचा अभ्यास करणाऱ्या या बाईंना सगळे याच नावाने ओळखतात. फोनवर त्या स्वतःही हेच नाव सांगतात. नदीपलीकडच्या गावांमधून हिंडून, विहिरीत वजन बांधलेली दोरी सोडून पाण्याची पातळी मोजणे, यात त्यांची वीस वर्षे गेली. तिथली दगडखाण आणखी खोल नेण्यासाठी अर्ज आला आहे आणि चोवीस तारखेला त्याची सुनावणी आहे. खाण जसजशी खाली गेली तसतसे विहिरींतले पाणीही खाली गेले, हे दाखवणारे या नोंदींखेरीज दुसरे काहीही कोणाकडे नाही.

मी म्हणालो, उद्या मिळतील. यात बढाई नव्हती. जी माहिती वर्षभर कोणी उघडून पाहत नाही ती मी यूनिक्स यंत्राच्या डिस्कवरून काढून चुंबकीय फितीवर ठेवतो. बाईंच्या नोंदींच्या तीन फिती आहेत, तीन वेगळ्या कपाटांत. प्रत्येक फीत लिहून झाल्यावर पुन्हा वाचून मूळ प्रतीशी ताडून पाहिली होती आणि तिन्ही वेळा अक्षराचाही फरक निघाला नव्हता. एवढी काळजी घेणारी दुसरी संस्था माझ्या पाहण्यात नाही. कार्यालयात मला मागून काटकोन म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मी ते कौतुक समजतो.

घरी आलो तो कॅसेट प्लेअरचा आवाज पुन्हा गोधडीखालून आल्यासारखा. प्लेअरच्या आत वाचणाऱ्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो. हेड फितीला बरोबर काटकोनात उभे असेल तरच स्वर उजळ लागतो. स्क्रू केसभर फिरला की सगळे मंद होते. हा स्क्रू कोणीतरी फिरवतो. घरात माणसे दोनच आहेत. पत्नीला विचारले तर म्हणाली, जुनं झालंय यंत्र. मी स्क्रू पुन्हा लावून घेतला. पाठ दुखेपर्यंत वाकावे लागले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली फीत वाचता आली नाही.

फिती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या नव्या ड्राइव्हमध्ये फीत घातली, यादी मागवली. बराच वेळ घरघर झाली आणि पडद्यावर एकच ओळ आली, वाचनात त्रुटी. हेड स्वच्छ करणारी कॅसेट फिरवली. केबल बदलली. तुकडा केवढा वाचायचा तो आकार बदलून पाहिला, कारण ज्या जुन्या ड्राइव्हवर या फिती लिहिल्या तो वेगळ्या आकाराने लिहीत असे. शेवटी त्रुटी ओलांडून मिळेल ते उचलायला सांगितले. काहीही आले नाही.

फिती खराब होतात. म्हणूनच तीन ठेवायच्या असतात.

विहीरबाई दोनदा खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. यंत्रांच्या खोलीत थंडी असते, त्यांना ती सोसत नाही, म्हणून त्या आत येत नाहीत. दारातूनच भुवया उंचावून विचारतात. मी उद्यावर टाकले. मला उद्यावर टाकायची सवय नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुसरी फीत नाही. तिसरीही नाही.

तीन वेगळ्या कपाटांतल्या फिती एकाच वेळी बिघडणे शक्य नाही. तेव्हा दोष नव्या ड्राइव्हमध्ये असला पाहिजे, असे मी धरले. पण या ड्राइव्हने स्वतः लिहिलेल्या फिती तो सरळ वाचतो, शेजारच्या प्रयोगशाळेच्याही वाचतो. मग त्या प्रयोगशाळेत जाऊन त्यांच्या यंत्रावर बाईंची फीत लावली. तिथेही तेच. त्यांचा प्रमुख चहाचा कप हातात घेऊन मागे उभा होता. तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला त्रास होत असल्याचे मला जाणवत होते.

संध्याकाळी देखभालीच्या इंजिनिअरला फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न केला तो जुन्या ड्राइव्हबद्दल. मागे कधीतरी तपासणीला आला असताना तो म्हणाला होता की ड्राइव्हची मांडणी जरा ढळलेली दिसते, आठवडाभर देऊन ठेवा. मी त्याला त्याच वेळी फीत लिहून, वाचून, ताडून दाखवली होती. एकही चूक निघाली नाही तेव्हा गप्प बसला होता. आज तो फोनवर म्हणाला, “सर, तेव्हा तुम्ही बोलूच दिलं नाहीत.” पुराव्यापुढे बोलायचे काय होते, ते मला अजून कळलेले नाही.

थकलो आहे. जेवणावर लक्ष नव्हते. पत्नीने काही विचारले नाही, आणि ते बरेच झाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

संचालकांनी बोलावले. विहीरबाई आधीच येऊन बसल्या होत्या.

संचालकांचा स्वर मवाळ होता. वार्षिक अहवालांत प्रत्येक वर्षाची सरासरी छापलेली आहे, तीच सुनावणीत ठेवू, असा त्यांचा तोडगा. बाई म्हणाल्या, “सरासरीतून पाणी शेंदता येत नाही, साहेब. कोणती विहीर कोणत्या महिन्यात किती उतरली ते विचारणार आहेत. खाणवाले काय सरासरीने खणतात?”

मग संचालकांनी कागदी नोंदींबद्दल विचारले. नव्या इमारतीत येताना जागा नव्हती, म्हणून संगणकावर चढवलेले कागद रद्दीत द्यावेत, असे परिपत्रक निघाले होते. ते मी लिहिले होते. त्यातले वाक्य अजूनही निर्दोष आहे: फितींवरील प्रती कागदापेक्षा अधिक सुरक्षित आहेत. तत्त्वतः हे आजही खरे आहे आणि मी तसे सांगितले.

बाहेर पडताना बाई जिन्यात थांबल्या. एका हाताने कठडा धरून उतरत होत्या. गुडघे गेले आहेत. “मी तुमच्यावर चिडलेय असं समजू नका,” त्या म्हणाल्या. “चिडायला अंगात बळ लागतं. पण ती माणसं मला घरात बोलवून पाणी द्यायची हो, काटकोन. ज्या वर्षी त्यांना पुरत नव्हतं त्याही वर्षी. त्यांना मी काय सांगू, कपाटं तीन होती म्हणून?”

तोंडावर मला या नावाने हाक मारणाऱ्या त्या पहिल्याच.

१० फेब्रुवारी, सोमवार

जुन्या ड्राइव्हचा शोध. नवा आल्यावर मी जुना भंगारात दिला होता. त्यावर स्वच्छ अक्षरांत चिठ्ठीही लावली होती, ‘कार्यक्षम स्थितीत’. अर्धवट माहितीने वस्तू बाहेर जाऊ नये, असा माझा आग्रह असतो.

भंगारवाल्याचे गोदाम एका गल्लीच्या टोकाला आहे. पंख्यांची पाती, टंकलेखन यंत्रे, फुटके पडदे यांच्या राशी. मालक खुर्चीत पाय वर घेऊन बसला होता. मी वस्तूचे वर्णन केले: रंग, लांबी-रुंदी, मागच्या बाजूची जोडणी. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

“साहेब, त्याचं आता पातेलं झालं असेल,” तो म्हणाला. “चिठ्ठी मात्र छान होती. पोरं वाचून हसली. चालू वस्तू भंगारात कोण देतं?”

पातेल्यासाठी लागणारा धातू त्यात नसतो, हे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, बरं मग डबा.

येताना दोन ठिकाणी वाट चुकलो. त्या भागात पाट्या नीट लावलेल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काही नाही. फिती पुन्हा एकेक करून लावल्या. तीच ओळ. विहीरबाई आज दारात आल्या नाहीत. दिवसभर माझे लक्ष दाराकडे होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी. काहीतरी ऐकत पडावे म्हणून माझी आवडती सतारीची कॅसेट लावली, तर पुन्हा गोधडी. स्क्रू फिरवलेला.

या वेळी पक्का बंदोबस्त केला. कारखान्यात स्क्रू जागेवर बसवला की त्यावर रंगाचा थेंब देतात. थेंब तडकला म्हणजे कोणी हात लावला हे कळते. रंग नव्हता, म्हणून पत्नीच्या कपाटातून नेलपॉलिश घेतले. स्क्रू कानाने अचूक लावून वर थेंब दिला. लाल रंग जरा भडक आहे, पण झाकणाखाली दिसत नाही.

सासूबाईंच्या रेकॉर्डरचीही हीच तऱ्हा होती. हेड इतके कललेले की ऐकून मला त्रास व्हायचा. एकदा गेलो असताना मी न सांगता सगळे उघडून नीट करून दिले. तोंडाने ‘बरं केलंत’ म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी तो रेकॉर्डर वापरल्याचे मला आठवत नाही. लोकांना वस्तू नीट करून दिली तरी तिची किंमत नसते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मी बाजारात गेलो होतो. परत आलो तर थेंब तडकलेला.

मी पत्नीला बोलावले, झाकण काढून दाखवले आणि हे काय आहे असे विचारले. तिने नाकारले नाही. पदराला हात पुसत म्हणाली, “माझंच नेलपॉलिश आहे ते.”

स्क्रू का फिरवतेस, एवढेच मला कळू दे, असे मी म्हणालो. तेव्हा तिने खणातून एक कॅसेट काढली. लेबल नाही, एका कोपऱ्याला चीर. तिच्या आईचे बोलणे तिच्यावर आहे म्हणे. आईच्याच रेकॉर्डरवर भरलेली. “तुम्ही बाहेर गेलात की ऐकते. तुमचं झालं की मी फिरवते, माझं झालं की तुम्ही फिरवता. इतकी वर्षं चाललंय. कळलं नव्हतं का खरंच?”

मी शक्य तितक्या शांतपणे तिला समजावले. हेड तिरके असताना भरलेली फीत ही मुळातच सदोष फीत असते. ज्या यंत्रावर भरली त्याच यंत्रावर ती चांगली वाजते, कारण ते यंत्र वाचतानाही तितकेच तिरके असते, आणि माणसाला वाटते सगळे ठीक आहे. सरळ यंत्रावर लावली की खरा प्रकार उघडा पडतो. तेव्हा दोष प्लेअरचा नाही.

“बरं, दोष आईचा,” ती म्हणाली. “आता आई नाही आणि तिचं यंत्रही नाही. मग तुमच्या सरळ यंत्रातून ती ऐकायची कशी, तेवढं सांगा. मला तर एकच माहीत आहे. यंत्र तिच्याइतकं वाकडं करायचं.”

मी उत्तर देणार होतो. वाक्याची सुरुवातही केली होती.

मग बराच वेळ मी उभाच होतो असे ती म्हणते. तिला वाटले, मला बरे वाटेनासे झाले. तिने खुर्ची आणून दिली.

पडताळणीत चूक नव्हती. लिहिले त्या ड्राइव्हने, वाचले त्याच ड्राइव्हने, आणि दोन्ही वेळा तो सारखाच तिरका होता. तीन फिती, तीन कपाटे, आणि अख्ख्या जगात त्या वाचू शकणारे यंत्र एकच. हे अनुमान मी खुर्चीत बसल्याबसल्या पूर्ण केले. इतक्या किरकोळ घरगुती प्रसंगातून असे काही सुचावे, याचे मला आश्चर्य वाटते.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

कालचा दिवस परवानग्यांत गेला. इंजिनिअरने साफ सांगितले: चांगला ड्राइव्ह मुद्दाम बिघडवायचा असेल तर आमची हमी संपली, आणि आमचा माणूस त्याला हात लावणार नाही. नवा ड्राइव्ह मी स्वतः निवडला होता, चार महिने पत्रव्यवहार करून. तो माझ्याकडच्या सगळ्या यंत्रांत निर्दोष आहे. आज सकाळी त्याचे झाकण मी स्वतः काढले.

आत फीत एका गोल फिरत्या डब्याला वळसा घालून जाते. वळसा घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतर ती दोन बारीक खांबांना टेकते. खांब किंचित वर-खाली केला की फितीची वाट बदलते. तो जसा असायला हवा तसा कारखान्याने बसवला होता आणि वर हिरव्या रंगाचा थेंब दिला होता. तो थेंब मी तडकवला.

खांब केसभर फिरवायचा, फीत वाचायला लावायची, त्रुटी पाहायची, पुन्हा फिरवायचा. एका बाजूला गेलो तेव्हा काहीच फरक नाही. दुसऱ्या बाजूला वळलो. डोळ्यांत पाणी येऊ लागले म्हणून चष्मा काढून नुसत्या हाताच्या अंदाजाने काम केले. दुपारी कधीतरी त्रुटी लगेच न येता थोड्या वेळाने आली. मला आयुष्यात कुठल्या त्रुटीचा इतका आनंद झालेला नाही.

त्यानंतर पडद्यावर नावे येऊ लागली. मी बाईंना पूर्वी बजावले होते की फाइलींना क्रमांक द्या, पण त्यांनी ऐकले नव्हते. शाळेमागची. दोन बहिणींची. तुटक्या कठड्याची. आटलेली. पुन्हा पाणी आलेली. नावे खालून वर सरकत होती आणि यंत्र थांबत नव्हते.

मी जाऊन बाईंना बोलावले. आज त्या थंडीत आत आल्या, शाल लपेटून, आणि माझ्या खुर्चीत बसल्या. ‘दोन बहिणींची’ आल्यावर पडद्याला बोट लावले. पडद्याला बोट लावू नये असा इथला नियम आहे. मी तो सांगितला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिन्ही फितींतून मिळेल ते एकत्र जुळवले. पहिली जिथे अडते तिथे दुसरी चालते. फक्त एका उन्हाळ्याचा तुकडा तिन्ही ठिकाणी गेला आहे. तेवढ्या भागात जुना ड्राइव्ह आणखी कशाने तरी डगमगला असावा. ते मी बाईंना लेखी कळवले. त्या म्हणाल्या, “राहू दे. तो उन्हाळा मला तोंडपाठ आहे. असल्या आठवणीला बॅकअप लागत नाही.”

सगळ्या नोंदी छापूनही दिल्या. कागदावर. बाईंनी मागितल्या नव्हत्या.

ड्राइव्ह पुन्हा सरळ करायचा आहे. तूर्तास तो तिरकाच आहे. जुन्या कपाटांत आणखी फिती आहेत आणि त्या सगळ्या त्याच यंत्राच्या. त्या एकेक वाचून काढीपर्यंत सरळ करून उपयोग नाही. किती महिने जातील, सांगता येत नाही. फार थकवा आला आहे.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सुनावणी झाली. मी गेलो नव्हतो. संचालकांनी सांगितले की खाणवाल्यांच्या वकिलाने एकेका विहिरीवरून प्रश्न विचारले, बाईंनी एकेका विहिरीचे महिन्याचे आकडे दिले, आणि मध्येच त्याने विचारणे थांबवले. खाण खोल नेण्याचा अर्ज फेटाळला.

बाई संध्याकाळी दारात आल्या. म्हणाल्या, “एकदा चला त्या बाजूला. पाणी देतील.” मी म्हणालो, काम फार साचले आहे. “ते साचणारच,” त्या म्हणाल्या, आणि कठडा धरत उतरून गेल्या. त्यांनी माझे आभार मानले नाहीत. मानतील असे मला वाटले होते, असे नाही.

२ मार्च, रविवार

पत्नी दोन दिवस भावाकडे गेली आहे. घर शांत आहे. सतार ऐकावी म्हणून प्लेअरपाशी गेलो. आवाज मंद असणार हे माहीत होते, म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊनच बसलो. आत तिची कॅसेट होती.

स्क्रू फिरवण्यापूर्वी यंत्राची सध्याची स्थिती तपासावी, एवढ्याच हेतूने मी ती लावली.

आवाज लख्ख आला. सासूबाई शिवणकाम करत. त्या कॉलर कशी बेतावी हे सांगत आहेत. कापड कुठे दुमडायचे, खडूची रेघ कुठे. मधूनच कात्रीचा आवाज. पत्नी चुकीचे प्रश्न विचारते आणि दोघी हसतात. पत्नीचे हसणे मला लगेच ओळखू आले नाही. मग दाराची कडी वाजते. सासूबाईंचा आवाज खाली येतो, पण शब्द अगदी स्पष्ट आहेत:

“जावईबापू आले वाटतं. बंद कर गं, बंद कर. नाहीतर आल्या आल्या हेच उघडून बसतील.”

पुन्हा दोघींचे हसणे, आणि खट्.

यावरून ध्वनिमुद्रणाचा काळ ठरवता येतो. मी त्यांचा रेकॉर्डर उघडून नीट केला तो हाच दिवस असला पाहिजे.

त्यानंतर फितीवर काही नाही. मध्येच कुठे काही भरलेले असेल म्हणून ती बाजू शेवटपर्यंत चालू ठेवली. मग उलटून दुसरी बाजूही ऐकली. कोरी आहे.

नेलपॉलिश तिच्या कपाटात होते. स्क्रू आहे तिथेच ठेवून वर थेंब दिला. सुकेपर्यंत बसलो.